लॅपटॉपऐवजी टॅबलेट घेण्यापूर्वी

घरातला जुना लॅपटॉप रेंगाळू लागला, की कोणीतरी हमखास सुचवते : आता टॅबलेटच घेऊ, तो हलका असतो आणि मोबाइलच्या चार्जरवर चालतो. सूचना चुकीची नसते. पण निर्णय बहुधा दुकानात उभे राहून घेतला जातो आणि तेथे बोलणे स्क्रीन, कॅमेरा व मेमरी यांपलीकडे जात नाही. टॅबलेटवर काय काय करता येते ही यादी लांबलचक आहे, मात्र तिचा खरेदीदाराला फारसा उपयोग नाही. आपले कोणते काम त्यावर अडेल आणि ते वर्षातून किती वेळा अडेल, हे पाहायला हवे.

त्यासाठी खरेदीपूर्वी दोन आठवडे एक वही जवळ ठेवावी. लॅपटॉप उघडला, की तो कशासाठी उघडला हे एका ओळीत लिहावे. ‘इंटरनेट पाहिले’ अशी मोघम नोंद न करता ‘बँकेचा खातेउतारा डाउनलोड करून सीएंना पाठवला’ अशी नेमकी नोंद करावी. दोन आठवड्यांत न येणारी, पण वर्षातून एकदा-दोनदा हटकून येणारी कामे आठवून वेगळ्या पानावर लिहावीत : आयकर विवरणपत्र, मुलांचे प्रवेशअर्ज, गृहनिर्माण संस्थेचे लेखापरीक्षण. माझ्या अनुभवात निर्णय बहुतेक वेळा या दुसऱ्या पानावरच होतो.

पहिल्या पानावरच्या बऱ्याच नोंदी निःशंकपणे टॅबलेटकडे सोपवता येतात. ईमेल, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ कॉल, पत्रलेखन यांत काही अडत नाही. पीडीएफ वाचून त्यावर पेनाने खुणा करणे तर लॅपटॉपपेक्षा टॅबलेटवरच सोयीचे पडते. सरकारी संकेतस्थळांचीही पूर्वीइतकी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये आयपॅडओएस ही आयपॅडची स्वतंत्र कार्यप्रणाली आल्यापासून आयपॅडवरचा सफारी ब्राउझर संकेतस्थळांची संगणकासाठीची मांडणीच मागवतो आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय निवडता येतो.

खरी परीक्षा हिशेबाच्या तक्त्यांपाशी सुरू होते. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार आहे आणि आधीच्या खजिनदारांनी मोठ्या कष्टाने तयार केलेली एक एक्सेल फाइल मला वारशाने मिळाली आहे. त्यातले एक बटण दाबले, की सर्व सभासदांची देखभालशुल्काची बिले आपोआप तयार होतात. या बटणामागे मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेला आज्ञांचा छोटा संच असतो आणि आयपॅड व अँड्रॉइडसाठीच्या एक्सेल ॲपमध्ये मॅक्रो चालत नाहीत. फाइल उघडते, आकडे दिसतात, बटणही दिसते, पण ते दाबून काही होत नाही. ज्यांच्या फायलींत केवळ बेरजा आणि साधी सूत्रे आहेत, त्यांना ही अडचण येणार नाही. मात्र त्यांनीही एक तपशील ध्यानात ठेवावा : मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲपमध्ये फायलींत मोफत बदल करण्याची मुभा १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनला आहे. त्याहून मोठ्या टॅबलेटवर त्यासाठी वर्गणी भरावी लागते.

दुसरी अडचण छपाईची. वाय-फायवर चालणारे अलीकडचे प्रिंटर टॅबलेटशी सहज जुळतात. परंतु केवळ यूएसबी केबलवर आणि संगणकात बसवलेल्या ड्रायव्हरवर (प्रिंटर ओळखून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारे जुने लेझर प्रिंटर सहसा जुळत नाहीत, आणि असे प्रिंटर आपल्याकडे पंधरा-पंधरा वर्षे कुरकुर न करता चालत असतात. त्यामुळे टॅबलेटच्या किमतीत कधी कधी नव्या प्रिंटरची किंमतही मिळवावी लागते.

डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन, म्हणजे स्वाक्षरी साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण, वापरणाऱ्यांनी तर येथेच थांबावे. व्यक्तिगत आयकर विवरणपत्राची पडताळणी आधार ओटीपीने होते, म्हणून पगारदाराला टोकनची गरज पडत नाही. पण जीएसटी भरणाऱ्या कंपन्या आणि ई-निविदा भरणारे कंत्राटदार यांना त्यावाचून गत्यंतर नाही आणि त्याची यंत्रणा संगणकासाठीच बांधलेली आहे. टॅली, तसेच ऑटोकॅडची पूर्ण आवृत्ती यांवर ज्यांचा रोजगार अवलंबून आहे, त्यांनाही हेच लागू पडते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात. स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि मराठी श्रुतलेखन या सोयी टॅबलेटवर उत्तम असतात. पण बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर आपल्या सवयीची मांडणी, मग ती इनस्क्रिप्ट असो वा इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी, मिळते की नाही, हे दुकानातच दोन परिच्छेद टंकून पाहावे. दुसरे म्हणजे, श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व उपकरणांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमधील जुन्या फायली टॅबलेटवर उघडल्यास मजकुराऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशा फायलींचा साठा असेल, तर आधी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

वही भरल्यानंतर रंगीत तालीम करावी. नातेवाइकाकडून आठवडाभरासाठी टॅबलेट आणि ब्लूटूथ कीबोर्ड मागून आणावा, लॅपटॉप माळ्यावर ठेवावा, आणि तो किती वेळा खाली काढावा लागला ते मोजावे. माळ्याचा आग्रह अशासाठी, की टेबलावरच्या लॅपटॉपकडे हात सवयीनेच जातो आणि मग कोणते काम खरोखर अडले होते ते कळत नाही.

किंमत ठरवताना कीबोर्ड, कव्हर, पेन, यूएसबी हब आणि वर्गणी या सर्वांची बेरीज करावी; ती अनेकदा मध्यम प्रतीच्या लॅपटॉपच्या घरात जाते. वजनाचेही तसेच आहे. २०२० चा १२.९ इंची आयपॅड प्रो मॅजिक कीबोर्डसह घेतला, तर तो त्याच वर्षीच्या १.२९ किलोच्या मॅकबुक एअरपेक्षा जड भरतो. सरफेस प्रोसारखे विंडोजवर चालणारे टॅबलेट हा मात्र निराळा प्रकार आहे. ते वेगळ्या आकारातले लॅपटॉपच होत. त्यांतही नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीऐवजी एआरएम या वेगळ्या रचनेचा प्रोसेसर असल्यास जुन्या प्रिंटरचे आणि टोकनचे ड्रायव्हर चालतीलच असे नाही, ही चौकशी आधी करावी.

अडणारे काम वर्षातून दोन-तीनदाच येत असेल आणि ते सीएंच्या कार्यालयात किंवा भावाच्या संगणकावर उरकता येत असेल, तर टॅबलेट खुशाल घ्यावा. सायबर कॅफेवर मात्र ही भिस्त ठेवू नये, कारण तेथे आपला पासवर्ड परक्या संगणकावर टंकावा लागतो. काम दर आठवड्याला अडत असेल, तर लॅपटॉपच घ्यावा. या दोहोंच्या मधल्या मंडळींनी टॅबलेट घेऊन जुना लॅपटॉप अडीनडीला ठेवावा. मात्र त्यावर विंडोज १० असेल, तर त्या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

मी या मधल्यांतलाच आहे. बिलांची ती फाइल अजून जुन्या लॅपटॉपवर आहे. त्याची बॅटरी केव्हाच गेली, म्हणून तो प्रिंटरशेजारी कायम प्लगला जोडलेला असतो आणि महिन्यातून एकदा, बिले काढण्याच्या दिवशी, उघडला जातो.