मूळ स्लॅशर आणि त्याचा दुसरा भाग: तुलना करताना या चुका टाळा

गेली नऊ वर्षं आम्ही काही जण महिन्यातून एकदा नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर भयपट बघायला जमतो. पांढरा पडदा, साधा प्रोजेक्टर, वीस-बावीस खुर्च्या. वर्षातून एकदा जोडी लावतो: एक मूळ स्लॅशर (एकामागून एक खून करत जाणाऱ्या खुन्याचा भयपट) आणि पाठोपाठ त्याचा दुसरा भाग. १९७८ चा 'हॅलोवीन' आणि १९८१ चा 'हॅलोवीन टू' ही माझी लाडकी जोडी, त्यामुळे खालची उदाहरणं बहुतेक तिथलीच आहेत. दोन्हींचे शेवट उघड होतील. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी आधी पाहून यावं.

दर वर्षी नवी मुलं-मुली येतात आणि त्याच चुका त्याच तावातावानं करतात. तीच उत्तरं तोंडी देऊन घसा दुखायला लागला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

एक मेमध्ये, दुसरा डिसेंबरमध्ये

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती कुणाला चूक वाटतच नाही.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात 'हॅलोवीन' लावला होता. पारा ४५ च्या वर. संध्याकाळी अर्ध्या मंडळींना लग्नाला जायचं होतं, म्हणून वेळ ठेवली दुपारी तीनची. खिडकीत मोठा डेझर्ट कूलर, नुकतीच खस बदललेली, पाण्याचा पंप घरघरतोय, पत्रा थरथरतोय. पडदे ओढले तरी फटीतून नागपूरचं ऊन आत येणारच. पिक्चर संपला आणि प्रतापनगरहून येणारा एक मुलगा म्हणाला, "ताई, काहीच तर नाही झालं न यात. तासभर पोरी नुसत्या रस्त्यानं फिरून राहिल्या."

'हॅलोवीन टू' त्यानं डिसेंबरमध्ये पाहिला. घरी, रात्री, रजईत, कानात हेडफोन. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर मेसेज: दुसरा भाग पहिल्यापेक्षा दहापट भारी. खाली चार जणांचे अंगठे.

मला राग आला तो त्याच्या मतावर नाही. दुसरा भाग आवडणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडे कारणंही आहेत. पण ही तुलना दोन पिक्चरची झालीच नव्हती, कूलर आणि हेडफोनची झाली होती. 'हॅलोवीन'च्या शेवटी मायकलवर, म्हणजे मुखवटा घातलेल्या खुन्यावर, त्याचा डॉक्टर लूमिस सहा गोळ्या झाडतो, मायकल बाल्कनीतून खाली पडतो, आणि पुन्हा पाहिलं तर तिथं नसतो. त्यानंतर आपल्याला रिकामा जिना दिसतो, रिकाम्या खोल्या दिसतात, घरं दिसतात, आणि संगीताखाली वाढत जाणारा मुखवट्यामागचा श्वास ऐकू येतो. तो आता कुठेही असू शकतो, हे त्या श्वासानं सांगितलं जातं. कूलर चालू असेल तर श्वास जातो आणि उरतात फक्त रिकामी घरं.

उजेडाचंही तसंच. मायकल जिच्या मागे लागलाय ती लॉरी दाराच्या चौकटीला टेकून रडत असते आणि तिच्या मागच्या काळोखातून पांढरा मुखवटा हळूहळू वर येतो. छायाचित्रकार डीन कंडीनं तिथला दिवा अगदी सावकाश वाढवत नेला आहे. आपल्याला मुखवटा कधी दिसायला लागला ते सांगता येत नाही, आणि सगळी भीती त्या न कळण्यात आहे. दुपारी तीन वाजता त्या काळोखाचा राखाडी डाग होतो.

जानेवारीत कूलरवर ताडपत्री चढल्यावर मी तोच पिक्चर त्याच मुलाला, त्याच खुर्चीवर, रात्री नऊला पुन्हा दाखवला. संपल्यावर तो बराच वेळ उठला नाही. मग विचारलं, "ताई, हा श्वास मागच्या वेळी पण होता का?"

तेव्हापासून माझा नियम: शनिवारी मूळ, रविवारी दुसरा. एकच खोली, एकच वेळ, आवाजाच्या बटणाला दोन्ही दिवस हात लावायचा नाही. उन्हाळ्यात जोडी लावतच नाही. कुणी म्हणतं, "ताई, एवढं काय त्यात." एवढंच आहे त्यात.

चित्र ताणून बघणं

'हॅलोवीन' रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला आहे आणि मायकल बऱ्याचदा चौकटीच्या कडेला उभा असतो: झुडपाशी, गाडीपलीकडे, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. मी तो पहिल्यांदा नव्वदच्या दशकात सीताबर्डीतून भाड्यानं आणलेल्या कॅसेटवर पाहिला. चौकोनी टीव्हीत बसवायला दोन्ही बाजू कापलेल्या होत्या. कितीतरी प्रसंगांत तो तिथं उभा होता हे मला पुढे अनेक वर्षांनी कळलं. आता पूर्ण चौकट सहज मिळते, आणि मुलं मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणून काळ्या पट्ट्या घालवतात. त्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

दीडपट वेग

हे करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पुढच्या वेळी बोलावत नाही. पिक्चर जिथं घडतो त्या हॅडनफील्ड गावात, त्या रात्री पहिला खून आपल्या डोळ्यांसमोर होतो तो पन्नास मिनिटं उलटून गेल्यावर. त्याआधीची वाट बघणं कुणाला "भरताड" वाटत असेल, तर त्याला नेमकी कशाची तुलना करायची आहे?

शिवाय संगीत आहे. पहिल्या भागाचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं 'हॅलोवीन'ची धून स्वतः बांधली, पाचाच्या तालात. हा ताल त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. आमच्याकडे तबला वाजवणारे एक काका येतात. त्यांनी पहिल्याच वेळी मांडीवर मात्रा मोजल्या आणि म्हणाले, "दहा होतात, पण झपताल नाही हा. तीन-तीन-दोन-दोन जाऊन राहिला." झपताल दोन-तीन-दोन-तीन असतो, त्यामुळे आपल्या कानाला ही धून ओळखीची वाटता वाटता दर आवर्तनात पाय घसरतो. दुसऱ्या भागात तीच धून सिंथेसायझरच्या ऑर्गनसारख्या जड आवाजात येते, आणि तिथं ती चोरपावलांनी येत नाही, छातीवर बसते. दोन्ही पिक्चरचा फरक एका धुनेत ऐकायचा असेल तर इथं ऐकावा. दीडपट वेगात दोन्ही सारख्याच वाटतात.

मुडदे मोजणं

पहिल्यात पाच माणसं मरतात, दुसऱ्यात जवळपास दुप्पट. यावरून काहीच कळत नाही. पुढे जाऊ.

दुसऱ्या भागाचं गुपित पहिल्यात घुसवणं

यावरून आमच्याकडे एकदा खरंच भांडण झालं होतं.

मायकल हा लॉरीचा भाऊ आहे, हे 'हॅलोवीन टू'मध्ये सांगितलं जातं. १९७८ च्या पिक्चरमध्ये असं काहीही नाही. तिथं लॉरी मायर्सांच्या, म्हणजे मायकलच्या, बंद घराच्या पायरीवर किल्ली ठेवायला जाते, तो आतून तिला बघतो, आणि मागे लागतो. बस. कारण नाही, नातं नाही. ती तुम्ही असू शकता, मी असू शकते.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीनं या जोडीवर छान टिपण करून आणलं होतं आणि त्यात ठासून लिहिलं होतं की बहिणीचा धागा मूळ पिक्चरमध्येच पेरलेला आहे, मायकलच्या मनोरुग्णालयातल्या खोलीच्या दारावर 'सिस्टर' असं कोरलेलं दिसतं. मी म्हटलं, असं दृश्य नाही. ती म्हणाली, मी डोळ्यांनी पाहिलंय. अर्धा तास आवाज चढत गेले. मनीषनगरचे एक काका तिच्या बाजूनं, तबलेवाले माझ्या. शेवटी तिनं लॅपटॉप उघडला आणि दृश्य दाखवलं. होतं की!

ती खोटं बोलत नव्हती. तिच्याकडची प्रत वेगळी होती. 'हॅलोवीन' अमेरिकेत टीव्हीवर दाखवायचा होता, काटछाट करून तो वेळेपेक्षा आखूड पडत होता, म्हणून कार्पेंटरनं 'हॅलोवीन टू'च्या निर्मितीच्या काळात, १९८१ मध्ये, काही नवी दृश्यं चित्रित करून त्यात जोडली. तोवर दुसऱ्या भागातलं भावा-बहिणीचं नातं ठरलेलं होतं. म्हणजे दारावरचा तो शब्द दुसऱ्या भागानं मागे जाऊन पहिल्यात लिहिलेला आहे. तिचं सगळं टिपण त्या एका दृश्यावर उभं होतं. तिला रडू आलं, आणि मी सुरुवातीलाच प्रत विचारली नाही याचं मला वाईट वाटलं.

तुलनेआधी प्रतीची एकूण लांबी बघा. मूळ चित्रपट ९१ मिनिटांचा आहे. दहा मिनिटं जास्त दिसली तर थांबा. मी वहीत पिक्चरच्या नावाखाली पहिली ओळ हीच लिहिते.

नात्याबद्दल माझं मत विचाराल तर त्यानं नुकसान केलं. कारण मिळालं की भीतीला कुंपण पडतं. जी त्याची बहीण नाही ती सुटली. कार्पेंटरनंही पुढे ही कल्पना चुकल्याचं बोलून दाखवलं, आणि २०१८ च्या भागानं ते नातं लोकांनी रचलेली कथा म्हणून पुसून टाकलं. पण हे मत दुसऱ्या भागाबद्दल आहे. पहिल्याच्या खात्यावर ते चढवायचं नाही.

"दिग्दर्शक बदलला, म्हणून बिघडलं"

अर्धवट माहितीवरचा निकाल. 'हॅलोवीन टू'चा दिग्दर्शक रिक रोझेन्थाल, हे खरं. पण पटकथा पहिल्या भागासारखीच कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांचीच आहे आणि कॅमेऱ्यामागे पुन्हा डीन कंडी आहे. दुसऱ्या भागात रक्त जास्त आहे, त्यातलं काही खुद्द कार्पेंटरनं नंतर चित्रित करून घातलेलं आहे. का, ते मधल्या वर्षात बघा. १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' हा दुसरा स्लॅशर आला, तुफान चालला, आणि प्रेक्षक काय बघायला येतात याचा अंदाजच बदलला. १९७८ ते १९८१ ही तीनच वर्षं, पण दोन वेगळे बाजार.

हॉकीचा मुखवटा

'फ्रायडे द थर्टीन्थ' म्हटलं की हॉकीचा मुखवटा घातलेला खुनी जेसन आठवतो. पण पहिल्या भागात खून जेसन करत नाही, त्याची आई करते. दुसऱ्या भागात (१९८१) जेसनच्या डोक्यावर कापडी पिशवी आहे. हॉकीचा मुखवटा १९८२ च्या तिसऱ्या भागात येतो. 'स्क्रीम' या भयपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगात एक मुलगी पहिल्या भागातला खुनी जेसन आहे असं सांगून चुकते. तुम्ही चुकू नका.

फक्त खुन्याकडे बघणं

हे मला सगळ्यात जास्त टोचतं, आणि ग्रुपमधल्या मुलांना सांगून सांगून पटवावं लागतं. मुखवटा कसा आहे, चाल कशी आहे, सुरा कुठला, यावर ते तासभर बोलतात. जिच्यामागे तो लागलाय तिच्यावर दोन वाक्यं.

दोन्ही भाग शेजारी ठेवून फक्त लॉरीकडे बघा. पहिल्यात ती शाळेत उत्तरं देते, पोरांना सांभाळते, मैत्रिणींच्या चेष्टेत लाजते, आणि वेळ आल्यावर विणकामाची सुई, कपड्यांचा हँगर, हाताला लागेल ते घेऊन लढते. दुसऱ्यात तीच लॉरी बराच वेळ इस्पितळाच्या खाटेवर गुंगीत आहे. शेवटी ती मायकलच्या डोळ्यांवर गोळ्या झाडते तेव्हा मला अजूनही हायसं वाटतं, पण तिथं पोचेपर्यंत पिक्चर तिला विसरलेलाच असतो. इस्पितळाचे लांब, ओसाड, अर्धवट उजेडाचे कॉरिडॉर सुंदर आहेत. त्यांत चालणारं माणूस मात्र हरवलंय. 'दुसरा भाग फिका का वाटतो' याचं माझं उत्तर रक्तात नाही, इथं आहे.

आणि हीच मोजपट्टी लावली की दुसरा भाग कधी कधी जिंकतोही. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागात जिनी नावाची मुलगी आहे, बालमानसशास्त्र शिकणारी. जेसन समोर आल्यावर ती त्याच्या मेलेल्या आईचा स्वेटर अंगात घालते आणि आईच्या आवाजात त्याला दटावते. क्षणभर तो थबकतो. तिनं त्याला समजून घेतलं म्हणून तिला तो क्षण मिळतो. पहिल्या भागात इतक्या डोक्यानं कुणीच वागत नाही. हा प्रसंग आला की मी प्रोजेक्टरजवळ उभी राहून मुलांचे चेहरे बघते.

"सिक्वेल पैशासाठीच काढतात"

पहिला कशासाठी काढतात? 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा निर्माता-दिग्दर्शक शॉन कनिंगहॅमनं पटकथा तयार व्हायच्या आधी नावाची जाहिरात छापली होती. हे वाक्य आमच्याकडे कुणी म्हटलं की मी पुढचं कारण मागते. बहुतेकांकडे नसतं.

संपल्या संपल्या निकाल

रविवारी रात्री दुसरा भाग संपला की कुणीतरी दिवा लावायच्या आत विचारतं, "मग ताई, कोणता भारी?" मी उत्तर देत नाही. सोमवारी सकाळी साडेसातला कोपऱ्यावरच्या तर्री पोह्यांच्या ठेल्यावर ज्याला यायचं त्यानं यावं. रात्री झोपताना कोणता पिक्चर आठवला, जिन्यातला दिवा लावावासा वाटला का, हे तिथं विचारते. रात्री तावातावानं बोललेली निम्मी मतं सकाळी मालकाला नको असतात. मागच्या जोडीला अकरा जण आले. आठ जणांना पहिला आठवला होता, दोघांना इस्पितळाचे कॉरिडॉर. एक मुलगी, दारावरच्या शब्दावरून भांडलेली तीच, म्हणाली की तिला लॉरीच्या हातातली विणकामाची सुई आठवली आणि तिनं आजीची सुई उशाशी घेतली.

तिसऱ्या भागाचं कुणी विचारू नका. १९८२ च्या 'हॅलोवीन थ्री'च्या कथेत मायकल नाहीच, ती वेगळीच गोष्ट आहे. तिची या दोघांशी तुलना करून तिला नापास करणं अन्याय आहे. तो पिक्चर पुढच्या हिवाळ्यात एकटाच लावणार आहे.