पुनर्रचित योनी खाली सरकली तर दुरुस्ती करताना या चुका टाळा

शस्त्रक्रियेने योनीची पुनर्रचना होऊन काही महिने किंवा वर्षं लोटल्यावर खाली जडपणा वाटतो, शौचाला जोर दिला की मऊ गोळा हाताला लागतो. बऱ्याच जणी संकोचाने गप्प बसतात आणि डायलेटरने, म्हणजे योनीत घालायच्या गुळगुळीत दांड्याने, तो आत ढकलत राहतात. डायलेटर पोकळी मोकळी ठेवतो, सुटलेला आधार बांधत नाही. गोळा काळानिळा पडला, खूप दुखू लागला किंवा लघवी अडकली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सगळ्यात महागात पडते ती निदानातली घाई. जन्मजात योनीचा वरचा भाग गर्भाशयाजवळच्या बंधांनी धरलेला असतो. एमआरकेएच असलेल्या (जन्मतः गर्भाशय आणि योनी नसलेल्या किंवा अपुऱ्या वाढलेल्या) स्त्रिया असोत वा ट्रान्स स्त्रिया, पुनर्रचित योनीला तो नैसर्गिक आधार मिळत नाही. त्यामुळे नेमकं काय खाली आलंय, हे आधी ठरायला हवं. योनी आतड्याच्या तुकड्याची असेल तर कधी फक्त आतलं अस्तर लोंबतं. जादा भाग काढून शिवला की भागतं. पण पूर्ण भिंत घसरलेली असताना नुसतं अस्तर छाटलं, तर त्रास परत येणारच. तिथे वरचं टोक बांधावं लागतं: पोटातून जाळीच्या पट्टीने त्रिकास्थीला (कण्याच्या तळाच्या हाडाला), किंवा खालून सॅक्रोस्पायनस बंधाला (ओटीपोटाच्या तळातल्या एका मजबूत बंधाला) टाके घालून. नुसतं झोपवून तपासलं तर घसरण कमी दिसू शकते. उभं राहून, जोर देऊनही तपासा, असं डॉक्टरांना निःसंकोच सांगा.

पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद सोबत न नेणं ही चूकही टाळा. आतड्याच्या योनीला रक्त पुरवणारा देठ पोटातून येतो. दुसऱ्यांदा हात घालणाऱ्या सर्जनला तो कुठून गेलाय हे ठाऊक नसेल आणि त्याला इजा झाली, तर अख्खी योनी धोक्यात येते. ट्रान्स स्त्रियांमध्ये प्रोस्टेट जागेवरच असते, हेही आधीच सांगा.

जाळी बसवणार असतील तर ती पुढे उघडी पडू शकते का, तेव्हा काय करणार, हे सहीआधी विचारा. सिगारेट सोडा, जखम भरायला ती अडथळा आणते. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर उपचार न करता दुरुस्ती केली, तर नव्या टाक्यांवर रोज ताण येतो.

दुरुस्तीनंतर डायलेटर घाईने सुरू केला तर टाके सुटतात, भीतीने बंदच ठेवला तर पोकळी आकसते. कधीपासून, कोणत्या मापाचा, हे सर्जनकडून लिहूनच घ्या. नंतर रक्तमिश्रित स्राव आला किंवा संबंधावेळी जोडीदाराला काही टोचलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.