मण्यांचं कानातलं: न सुटणारी कडी आणि कामाचं टेबल

घरी केलेल्या कानातल्याचा मणी हरवतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा कडीचा असतो. जिथे तिथे शिकवतात ती साधी कडी: तार वाकवा, गोल करा, टोक मिटवा, झालं. हलक्या काचेच्या मण्याला ती चालते. पण जड दगड असेल, मोती असेल किंवा कानातलं रोज घालायचं असेल, तर तारेचं टोक कडीखालच्या तारेभोवती गुंडाळून बंद केलेली कडीच करावी. साध्या कडीच्या फटीत डिंकाचा थेंब सोडा, असा एक सल्ला फिरत असतो. तो सोडून द्या. गुळगुळीत तारेवर डिंक फार काळ धरत नाही, आणि पुढे दुरुस्ती करायची झाली तर तोच आडवा येतो.

सामान नेहमीचंच: मणी, खाली टोपी असलेल्या हेडपिन (मणी ओवायच्या तारेच्या पिना), हुक, गोल टोकाची पक्कड, चपट्या निमुळत्या टोकाची पक्कड आणि कटर. चपट्या पकडीची आतली बाजू गुळगुळीत हवी. घरातल्या हत्यारांच्या पेटीतल्या पकडीला दाते असतात आणि ते तारेवर असे ओरखडे उठवतात की कितीही घासलं तरी जात नाहीत. तारेचा गेज आकडा वाढला की तार बारीक होते: २० गेज म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर, २२ म्हणजे ०.६४, २४ म्हणजे ०.५. हुकासाठी २०, बहुतेक मण्यांसाठी २२ आणि मोत्यांसाठी २४ घ्या, कारण मोत्याचं भोक अरुंद असतं. जाड पिन रेटून घातलीत तर भोकाच्या कडेचा चमकदार थर उडतो.

टेबल

आधी चाळीस खणांचा डबा विकत घ्यायचा आणि मग त्यात भरायला मणी शोधायचे, हा उलटा कारभार आहे. टेबलावर तीनच गोष्टी लागतात: काठ असलेला एक ट्रे, त्यात अंथरलेलं जाडसर लवदार कापड आणि दिवा. कापडावर मणी घरंगळत नाहीत आणि बोटांनी नीट उचलता येतात. उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, नाहीतर ऐन वेढ्यावर स्वतःच्याच हाताची सावली पडते. दिव्याचा उजेड पांढरा हवा. पिवळ्या उजेडात जुळवलेले दोन निळे मणी दिवसा वेगवेगळे दिसतात.

पकडी पेटीत ठेवू नका, हाताशी उभ्या ठेवा. एका कडीत दोन-तीनदा पक्कड बदलावी लागते आणि दर वेळी शोधाशोध झाली की हातातली तार हलते. मणी पारदर्शक डब्यांत, रंगाप्रमाणे न लावता आकाराप्रमाणे लावा, कारण रंग बाहेरून दिसतोच, चार आणि पाच मिलिमीटरमधला फरक दिसत नाही. तारेच्या प्रत्येक वेटोळ्याला गेजची चिठ्ठी बांधा. कापलेल्या तारांचे तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका. घरात लोक अनवाणी फिरतात. जमिनीवर लोहचुंबक फिरवून तुकडे गोळा करा, असंही सांगतात, पण चुंबकाला पितळ, तांबं आणि चांदी चिकटतच नाहीत. त्यापेक्षा व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला जुना मोजा घट्ट बांधा. सांडलेले मणीही त्यात अडकतात आणि परत मिळतात. घरात लहान मूल असेल तर काम अर्धवट सोडून उठताना ट्रे उंच जागी ठेवावा.

कडी

मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. म्हणून सावकाश सांगते.

मणी पिनेत ओवा. मण्याच्या वर किमान चार सेंटिमीटर तार हवी. त्याहून कमी असेल तर शेवटच्या वेढ्याला बोटांत धरायला काही उरत नाही. आता चपट्या पकडीच्या टोकाने मण्याच्या अगदी वर तार धरा आणि पकडीच्या वरच्या कडेवरून ती बोटाने काटकोनात वाकवा. पकडीच्या टोकात अडकलेली तेवढी तार म्हणजे मान. वेढे तिच्यावरच बसणार आहेत. २२ गेजचे तीन वेढे जवळजवळ दोन मिलिमीटर जागा घेतात, तेवढीच मान ठेवा. मान जास्त ठेवली की वेढ्यांखाली उघडी तार राहते आणि मणी लटपटतो. कमी ठेवली की वेढे एकमेकांवर चढतात.

काटकोन गोलसर झाला तर पुढचं सगळं वाकडं जातं. कडी मानेच्या बरोबर मधोमध बसते ती या पहिल्या काटकोनामुळेच. नंतर कडी ढकलून मध्यावर आणता येते असं म्हणतात. येते, पण तिचा अंडाकार होतो.

मग गोल पक्कड घ्या. काटकोनाच्या आतल्या अंगाला एक दांडी ठेवा, तार बोटाने वरून ओढून दुसऱ्या बाजूला खाली आणा. तार खालच्या दांडीला अडेल. इथे जोर करायचा नाही. पक्कड सैल करा, खालची दांडी अर्धवट कडीत घाला आणि उरलेलं अर्धं वळण पुरं करा, म्हणजे तार मानेसमोरून आडवी जाईल. पक्कड न फिरवता एका दमात वळवायला गेलं की चिमटलेली, टोकदार कडी होते. गोल पकडीच्या दांड्या निमुळत्या असतात, त्यामुळे तार टोकाशी धरली की कडी लहान होते आणि मुळाशी धरली की मोठी. जोडीच्या दोन्ही कड्या सारख्या हव्या असतील तर दांडीवर मार्करने रेघ मारून ठेवा. अंदाजाने कधीच सारख्या होत नाहीत.

साखळी किंवा बंद कडी जोडायची असेल तर ती आत्ताच, वेढे घेण्याआधी, अडकवा. हे हमखास विसरलं जातं.

आता कडी चपट्या पकडीत आडवी, सपाट धरा. घट्ट, पण कडी चपटी होईल इतकी घट्ट नाही. मोकळं टोक मानेशी काटकोनात ठेवून गुंडाळा, कडीकडून मण्याकडे. पहिला वेढा कडीला अगदी खेटून बसायला हवा. तो सुटा राहिला तर बाकीचेही सुटेच बसतात. तार तिरकी धरलीत तर वेढ्यांमध्ये फटी पडतात. जाड तारेला बोटाचा जोर पुरत नाही, तेव्हा टोक दुसऱ्या पकडीने ओढा. तीन वेढे बस झाले. पाच-सहा घेऊन मजबुती वाढत नाही, मान तेवढी लांबते. शेवटचा वेढा मण्यावर दाबू नका. मोती आणि काच तिथेच तडकतात.

बिघडली तर उलगडून पुन्हा गुंडाळायच्या भानगडीत पडू नका. तार जितकी वाकवाल तितकी कडक होत जाते, आणि दोनदा वाकवलेली तार आज नाही तरी पुढे वापरताना तुटते. पिन कापा, मणी काढा, नवी पिन घ्या. सराव साध्या तांब्याच्या तारेवर करा, ती मऊ असते. हेडपिन सरावात घालवू नका.

टोक कापताना कटरची सपाट बाजू वेढ्यांकडे ठेवा. उलटी धरली तर टोकाला सुळका राहतो आणि तोच घालणाऱ्याच्या मानेला टोचतो, केसात अडकतो. कापताना मोकळ्या टोकावर बोट ठेवा, नाहीतर तुकडा थेट डोळ्याकडे उडतो. राहिलेलं टोक चपट्या पकडीने हलकेच आत दाबून टाका. वेढ्यांवरून बोट फिरवून पाहा. काही लागलं तर काम संपलेलं नाही.

जोडी करताना एक कानातलं पुरं करून दुसरं हाती घेऊ नका. दोन्ही पिनांचा काटकोन, मग दोन्हींच्या कड्या, मग दोन्हींचे वेढे.

हुक

दोन तारा सारख्या लांबीच्या कापून एकत्र धरा, एकाच पेनाभोवती वाकवा आणि कानात जाणारी टोकं बारीक कानशीने गोल घासा. हुकाच्या खालच्या वळणाची, म्हणजे कानातलं अडकवायच्या कडीची, फट कधीही दोन्ही बाजूंना फाकवून उघडू नका, एक टोक पुढे आणि एक मागे असं बाजूला सरकवा. जंप रिंग, म्हणजे जोडायची सुटी गोल कडीही तशीच उघडायची. ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना बहुतेक वेळा निकेलचा त्रास असतो. त्यांच्यासाठी हुक टायटॅनियमचे किंवा निओबियमचे घ्या.

चांदीची कानातली हवाबंद पाकिटात ठेवा आणि शेजारी रबरबँड ठेवू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मोती वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा. ते स्फटिकापेक्षा बरेच मऊ असतात आणि एकाच डबीत ठेवले की ओरखडतात.