जर्मनीला निघायच्या आधी एक शंभर पानी वही

रविवारी संध्याकाळी माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. मी मिरजेत राहते, बावीस वर्षं पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते आहे. मुलगा पुढे, वडील मागे, वडिलांच्या काखेत प्लास्टिकची फाईल. चहा येईपर्यंत मुलगा गप्पच असतो. वडील विचारतात, "मॅडम, तो एजंट म्हणतोय दोन लाखांत जर्मनीचं सगळं करून देतो. द्यायचं का?" मी सांगते, आज कुणालाच काही देऊ नका. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक शंभर पानी वही आणा. ती मात्र ह्याच्याच अक्षरात भरली पाहिजे.

तुमच्या नात्यात, शेजारात, वर्गात बाहेर जाऊ बघणारं मूल असेल तर तुम्हीही असंच करा. तुम्हाला जर्मनीतलं काही ठाऊक असायला हवं असं नाही. शेजारी बसायचं आणि विचारत राहायचं. शोधायचं, वाचायचं, लिहायचं काम त्याचं.

पहिलं पान: तिथे जाऊन काय करायचंय

"एमएस करायचंय", म्हणजे मास्टर्सची पदवी, हे उत्तर मी वहीत लिहू देत नाही. सकाळी उठून कुठलं काम करायला जायला आवडेल, ते लिही म्हणते. डिप्लोमाच्या एका मुलाने खूप वेळ पेन चावून लिहिलं, "सीएनसी मशीनवर. सेटिंग करायला." म्हणजे कारखान्यातल्या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर. त्याचे वडील इंजिनिअरिंगची डिग्री आणि मग मास्टर्स असा सात वर्षांचा बेत घेऊन आले होते. त्या एका ओळीने बोलणंच बदललं. जर्मनीत आउसबिल्डुंग नावाची सोय आहे: आठवड्यातले काही दिवस कारखान्यात काम, काही दिवस शाळा, साधारण तीन ते साडेतीन वर्षं, आणि पहिल्या महिन्यापासून हातात विद्यावेतन. नर्सिंगलाही हाच रस्ता आहे. आपल्याकडे डिग्री नाही म्हटलं की घरचे नाराज होतात, पण हाताने काम करण्यात ज्याचा जीव रमतो त्याला वर्गात बसवून आणखी चार वर्षं घालवणं मला अन्यायाचं वाटतं.

बारावीनंतर लगेच पाठवायचं असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. आपल्या नुसत्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड ही आयआयटीची प्रवेशपरीक्षा पास असेल तर तांत्रिक शाखांचं दार उघडतं. नाहीतर बहुधा इथे पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करावं लागतं किंवा तिथे श्टुडियनकोलेग हा तयारीचा वर्ग, कधी दोन्ही. मी तर म्हणते, पदवी किंवा डिप्लोमा इथेच होऊ द्या.

भाषा आजपासून

मास्टर्सचे बरेच कोर्स इंग्रजीत असतात, म्हणून मुलं जर्मन टाळतात. टाळू देऊ नका. पार्टटाइम काम, घरमालकाचं पत्र, डॉक्टर, पुढची नोकरी, सगळं जर्मनमध्येच. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. आउसबिल्डुंगला सहसा बी१ लागतं, परिचारिका म्हणून मान्यता हवी तर बहुधा बी२. पुण्यात जर्मन शिकवणारी मॅक्स म्युलर भवन ही संस्था आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग आहेत. गावातून पुण्याला जाणं परवडत नसेल तर डॉयचे वेले ह्या जर्मन प्रसारण संस्थेचे धडे इंटरनेटवर फुकट आहेत. ए१ तेवढ्यावर होऊ शकतं. वहीचं शेवटचं पान उलटं धरून तिथून रोजचे दहा शब्द लिहायला लावा, नामाचं लिंग सोबत. मराठी मुलाला तीन लिंगांचं नवल वाटत नाही, हा आपला फायदा. फक्त त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, हे पाठच करावं लागतं.

मार्क आणि नाव

तिथे १ हा सर्वांत चांगला ग्रेड आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण कसे बदलायचे ते मुलाकडूनच वहीत करून घ्या. सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करा. सर्वाधिकातून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी ७ सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी) आणि पासिंग ४ असेल तर ३ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.५. बऱ्याच कोर्सना २.५ किंवा त्याहून चांगला ग्रेड लागतो. ८.२ वाल्याचा १.९ येतो. हा आकडा स्वतःच्या हाताने काढला की कुठे अर्ज करायचा आणि कुठे उगाच फी घालवायची नाही, हे मुलाला आपोआप कळतं.

मग नाव. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्यात. अर्जात मुलं मार्कशीट बघून भरतात आणि आडनाव पहिल्या नावाच्या जागी जातं. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या बारावीच्या मार्कशीटवर नावातला एक 'एच' गळला होता. आम्ही तो मे महिन्यात पाहिला. दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, पुन्हा कागद, ह्यात तिचं अख्खं सत्र गेलं. ती माझ्याच स्वयंपाकघरात बसून रडली होती. तेव्हापासून मी सगळी प्रमाणपत्रं जमिनीवर ओळीने मांडते आणि मुलाला प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावते. तुम्हीही मांडा, आजच. दुरुस्ती निघालीच तर हातात वर्ष असेल.

पैसे: सातबारा घेऊन बँकेत जायच्या आधी

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही, सत्राला काहीशे युरोंपर्यंत वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी सुरू केली आहे. तेव्हा "जर्मनीत फुकट" हे वाक्य डोक्यातून काढा.

मोठी रक्कम असते ब्लॉक्ड अकाउंटची. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास धरा. हे पैसे जात नाहीत, तिथे पोचल्यावर मुलाला महिन्याला ९९२ युरो मिळत राहतात. त्यातच भाडं, जेवण, विमा. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या वर्षाचा हिशेब त्या कमाईवर मांडू नका.

कर्ज काढणार असाल तर हे नीट वाचा. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. आपली माणसं सातबारा घेऊन जातात आणि हिरमुसून परततात. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे बहुतेक बँका ह्या कर्जासाठी शेती तारण घेत नाहीत. एनए (बिगरशेती) प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव चालते. गावठाणातल्या घराची कागदपत्रं पुरी नसली तर तिथेही अडतं. म्हणून प्रवेश मिळायची वाट न बघता आधीच शाखेत जाऊन विचारा. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. ते दरमहा भरता आलं तर भरा. आणि प्रवेशाचं पत्र हातात येईपर्यंत अर्धा एकरसुद्धा विकू नका. एवढं माझं ऐकाच.

एजंटकडे जायचंच असेल तर

सगळेच वाईट नसतात. पण एका मुलाचे सगळे अर्ज कन्सल्टंटने स्वतःच्या ईमेलवरून भरले होते. सरकारी विद्यापीठाचं उत्तर काय आलं ते मुलाला कधी कळलंच नाही, त्याच्या हातात आलं ते भरमसाट फी असलेल्या खासगी कॉलेजचं पत्र. ईमेल आणि पासवर्ड मुलाकडेच राहिले पाहिजेत. एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध, त्यानेच लिहायचा. मोडका लिहिला तरी चालेल, दुरुस्त आपण करू.

नोकरीसाठी, विशेषतः आखाती देशांत आयटीआयची मुलं पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. दोन लाख मागितले की उठायचं. शिक्षणाच्या कन्सल्टंटला हा परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे आपणच डोळ्यांत तेल घालून बघायचं.

तारखा उलट्या लिहा

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. वहीच्या मधल्या पानावर ऑक्टोबर सर्वांत वर लिहा आणि खाली खाली मागे या. व्हिसाची भेट मिळायला वेळ लागतो, म्हणून जून-जुलै तिच्यासाठी मोकळा ठेवा. अर्जाची नेहमीची शेवटची तारीख १५ जुलै, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक ठिकाणी ती मार्च ते मेमध्येच उरकते. प्रत्येक कोर्सची तारीख विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरून उतरवा. अनेक विद्यापीठांसाठी परदेशी मुलांचे अर्ज घेणाऱ्या युनि-असिस्ट ह्या संस्थेमार्फत अर्ज असेल तर पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. त्याच्याही मागे एपीएस प्रमाणपत्र, १८,००० रुपये. आपले कागद खरे असल्याची ती तपासणी असते आणि तिच्यावाचून विद्यार्थ्याचा व्हिसा पुढे सरकत नाही. ते जानेवारीपर्यंत हातात हवं. त्याच्या आधी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा), त्याच्या आधी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. असं मागे येत येत बोट आदल्या वर्षीच्या जूनवर थांबतं. "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्या मुलाला हे पान दाखवा.

निघायच्या आठवड्यात मी आईला वेगळं बसवते. चटणी-लोणच्याची यादी तिने केलेलीच असते. पोचल्यावर दोन आठवड्यांत मुलाने पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, हे ती मुलाला फोनवर विचारेल असं तिच्याकडून कबूल करून घेते. आणि घड्याळाचं सांगते. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे घेतात आणि फरक साडेचार तासांचा होतो. त्या दिवशी फोन तासभर उशिरा येईल, वहिनी, जेवण थांबवून बसू नका.