मांड्या भरल्या, पोटऱ्या धरल्या: सरावानंतरच्या अंगदुखीत या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जळगावात मेहरूण तलावाकाठी पहाटे पाचला पोरांची गर्दी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती विरळ झालेली असते. मांड्या अशा भरलेल्या असतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि संडासला बसणं म्हणजे शिक्षा. मग ‘पाय दुखी राहिनात’ (पाय दुखताहेत) म्हणत कोणी बर्फ चोळतो, कोणी मेडिकलमधून गोळी आणतो, कोणी पैलवान गाठून पाय तुडवून घेतो. यातलं बरंचसं चुकीच्या वेळी होतं, आणि काही गोष्टींनी दुखणं लांबतं.

‘लॅक्टिक ॲसिड साचलंय’

हे वाक्य प्रत्येक मैदानावर ऐकू येतं आणि ते चूक आहे. शेवटच्या फेरीला मांडीत जी आग होते, त्या वेळी रक्तात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच रूप, वाढलेलं असतं हे खरं. पण धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात ते मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं वेगळं. ते १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातं. स्नायूच्या आत बारीक इजा झाल्याने हे होतं, असं थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडलं होतं.

स्नायू लांबत असताना त्याला जोर धरावा लागला की ही इजा होते: उतारावरून धावताना, बैठकीत खाली जाताना, डंबेल हळू खाली आणताना. मग शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं, पाणी साचतं, थोडी सूज येते. ही सूज म्हणजे डागडुजीचं काम चालू असल्याची खूण. ती मुळापासून मारायला गेलात तर काम करणारा गवंडीच हाकलल्यासारखं होतं.

पहिल्याच आठवड्यात डोंगर

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि बाकीचे सगळे उपाय ती झाकण्यासाठी केलेले असतात.

धुळ्याची मुलं लळिंगच्या किल्ल्यावर जातात, नंदुरबारकडची तोरणमाळचा घाट धरतात. चढताना दम निघतो म्हणून वाटतं की मेहनत चढावर झाली. पाय मोडतो तो उतार. खाली पळत येताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा वापरला जातो. त्यामुळे सुरुवातीचे दोन आठवडे चढा धावत, पण उतरा चालत. तिसऱ्या आठवड्यापासून उतारावर पाच मिनिटं हलकं धावणं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांची भर.

बैठकांचंही तेच. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी तीनशे मारायला लावणं ही मर्दुमकी नव्हे. १५-१५ च्या तीन फेऱ्या पुरे. चार-पाच दिवसांनी त्याच तीन फेऱ्या २० च्या करा. एकदा हलका मार बसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाला पुन्हा फारसा दुखत नाही. ही तयारी करून देणारं मलम किंवा पावडर बाजारात मिळत नाही.

बर्फाचा हिशेब

थंड पाण्याने दुखणं थोडं कमी होतं, हे खरं आहे. त्यासाठी पाणी १० ते १५ अंश हवं आणि पाय त्यात १० ते १५ मिनिटं हवेत. आता खानदेशातला हिशेब मांडा. मांडीपर्यंत पाय बुडतील असं पिंप घेतलं तर साधारण १०० लिटर पाणी लागतं. टाकीतलं पाणी पहाटे ३० अंश धरलं, तर ते १५ अंशांवर आणायला १५-१६ किलो बर्फ लागतो. घरच्या फ्रीजमधले दोन ट्रे टाकून पाणी जेमतेम अर्धा अंश उतरतं. म्हणजे एक तर बर्फाच्या कारखान्यातून लादी आणा, नाही तर तो नाद सोडा.

सोडलात तर फार बिघडत नाही. ताकद वाढवायचा व्यायाम केल्यावर प्रत्येक वेळी थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढतात, असं दिसून आलं आहे. एकाच दिवशी दोनदा कुस्ती असेल किंवा सकाळी १६०० मीटर आणि दुपारी गोळाफेक असेल, तर थंड पाणी कामाचं. रोजच्या सरावाला नको. आणि बर्फ कधीही थेट कातडीवर ठेवू नका. मध्ये ओला रुमाल हवा, नाही तर चट्टा पडतो.

गोळी घेऊन धावणं

डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन मैदानावर उतरणारे बरेच असतात. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. एरवी निरोगी माणसाला ते चालून जातं. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ वर असताना घामाने पाणी आधीच उतरलेलं असतं, त्यात स्नायूंची झीज होऊन रक्तात आलेलं मायोग्लोबिन (स्नायूंतलं प्रथिन) गाळायचं काम मूत्रपिंडावरच असतं. वरून ही गोळी, तीही रिकाम्या पोटी. शिवाय दुखणं दबल्याने खरी दुखापतही कळत नाही. रात्री झोपच लागत नसेल तर जेवणानंतर एखादी साधी पॅरासिटामॉल बरी. रोज गोळी लागत असेल तर सराव चुकतोय, गोळी बदलून उपयोग नाही.

मालीश आणि शेक

तेल लावून हलक्या हाताने २० मिनिटं, पावलाकडून वर असं मालीश केलं तर आराम वाटतो. तुडवणं, कोपर खुपसणं, ‘गाठ फोडणं’ यांनी आधीच चिरलेल्या तंतूंवर आणखी मार बसतो. मांडीला गुडघा किंवा लाथ लागून आत रक्त साकळलं असेल तर तिथे मालीश अजिबात नको. अशा जागी चोळत राहिल्याने स्नायूतच हाड धरू शकतं. लचक किंवा ताण असेल तर पहिले ४८ तास शेकही नको, कारण त्याने सूज वाढते. नुसत्या भरलेल्या पायांना मात्र गरम पाण्याची आंघोळ खुशाल चालते.

ताणाचे व्यायाम करून दुसऱ्या दिवशीचं दुखणं टळतं हा समज आहे. फरक नगण्य पडतो. भरलेल्या पायांनी अंथरुणात पडून राहण्यापेक्षा १५-२० मिनिटं चाला किंवा हलकी सायकल मारा.

हळदीचं दूध आणि केळी

एक चमचा हळदीत, म्हणजे सुमारे ३ ग्रॅममध्ये, कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला गुणकारी घटक, जेमतेम ९०-१०० मिलिग्रॅम असतं आणि तेही अंगात नीट शोषलं जात नाही. मिरपूड घातली तर थोडं जास्त शोषलं जातं. प्या जरूर, पण त्या पेल्यात खरं काम दूधच करतं.

रावेर-यावलची केळी सरावानंतर उत्तम. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. प्रथिनं मात्र एकच ग्रॅम. इथेच गडबड होते: सहा केळी खाऊन पोट भरतं आणि डागडुजीला माल मिळत नाही. जोरात सराव करणाऱ्याला किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे ६० किलोच्या मुलाला दिवसाला ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १२, ५० ग्रॅम सोयाबीन वडी २६, ५० ग्रॅम डाळ ११-१२, आणि २०० ग्रॅम दादरच्या (ज्वारीच्या) पिठाच्या भाकरी २०. झाले. अंडी चालत नसतील तर ६० ग्रॅम हरभरे रात्री भिजत घाला. हे सगळं एका जेवणात कोंबू नका, चार वेळा वाटून घ्या.

पाण्यासाठी वजनकाटा वापरा. धावण्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्या, घोटाघोटाने, सोबत खारं काहीतरी. मीठ न घेता नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं.

आणि झोप. रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत आणि पहाटे साडेचारला मैदानावर, असं चाललं तर वरचा सगळा हिशेब वाया. सात तास पाहिजेतच. रात्री जमत नसतील तर दुपारी भरून काढा.

भरलेला पाय की जखमी पाय?

भरलेला पाय सहसा दोन्ही बाजूंनी, पसरट आणि बोथट दुखतो. हालचाल सुरू झाली की मोकळा होतो. धावताना अचानक चमक निघाली, एकाच पायात, एका जागी बोट ठेवता येतं, किंवा निळं पडलं, तर ती दुखापत. डांबरी हायवेवर धावणाऱ्यांनी नडगी तपासावी. अंगठ्याने हाडाची आतली कड खालून वर दाबत जा. वीतभर पट्टा दुखला तर दोन आठवडे धावणं निम्मं करा आणि मातीवर धावा. दोन बोटांच्या जागेवरच टोचल्यासारखं दुखलं, एका पायावर उडी मारवेना, रात्रीही ठणका लागला, तर हाडाला तडा असू शकतो; धावणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून लगेच धावायला जाऊ नका.

लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या टणक सुजल्या आणि पाय उचलवेना, तर घरी थांबू नका. पाचशे बैठकांनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होऊ शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात जा, किती व्यायाम केला आणि कुठली गोळी घेतली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासायचं का ते विचारा.