म्हाताऱ्या मांजरीचा अडॉप्शन डे करताय? मग या चुका टाळा

वय झालेली मांजर घरी आणणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगते. जळगाव, भुसावळ, धुळे कुठंही बघा, सगळ्यांना दोन महिन्यांचं पिल्लूच पाहिजे असतं, दहा-बारा वर्षांची मांजर कोणी नेत नाही. त्यातून एखादं घर तिला नेतं, वर्षभर सांभाळतं, जन्मतारीख माहीत नसते म्हणून घरी आणली ती तारीख धरून वाढदिवस करतं, छानच आहे ते. पण त्या एका दिवसात लोक मांजरीचं जे काही करून ठेवतात ना, ते दर वर्षी तेच तेच बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हंजे आपल्या ताटातलं तिला देणं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

आपलं खान्देशी जेवण म्हंजे कांदा आणि लसूण. भरीत घ्या, त्यात लसूण आणि कांद्याची पात. शेवभाजीचा रस्सा घ्या, मटणाचा घ्या, त्या काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा वाटलेला असतोच. आणि मांजरीला कांदा-लसूण म्हंजे विष आहे. कच्चा असो, शिजवलेला असो की पावडर, काही फरक पडत नाही, उलट सुकवलेल्या पावडरीत तो जास्त दाट होतो. लसूण तर कांद्याहून तीव्र. त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात आणि मांजरीच्या अंगातलं रक्त कमी होत जातं. वाईट भाग असा की हे त्याच दिवशी दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं, तोपर्यंत पार्टीत कोणी काय भरवलं ते सगळे विसरून गेलेले असतात.

भुसावळला ओळखीतल्या एका घरी हेच झालं. बारा-तेरा वर्षांची भुरी मांजर, घरी येऊन पहिलं वर्ष पूर्ण, डिसेंबरचे दिवस, वांगी स्वस्त, मग काय, भरीत पार्टी ठेवली आणि सोबत चिकन. वहिनींनी सगळ्यांना बजावलं होतं की मनीला काही देऊ नका. पण पंगतीत बसलेल्या एका आजींनी रश्श्यातलं चिकन बोटांनी निवडून तिला घातलं, वर म्हणाल्या, "थोडंसं खाई लिधं ते काय व्हई माय?" प्रेमानंच घातलं होतं हो, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिसऱ्या दिवशी वहिनींचा मला व्हिडिओ कॉल, मनी उठत नाही, धाप लागल्यासारखी करते. मी म्हटलं वरचा ओठ उचलून हिरड्या दाखवा. गुलाबी पाहिजेत त्या हिरड्या पांढरट-पिवळ्या पडलेल्या, आणि लिटर ट्रेमधे, म्हंजे तिच्या शी-शूच्या ट्रेमधे, लघवीचा डाग लालसर तपकिरी. तसंच जळगावला न्यायला लावलं, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन एकदम खाली. सलाईन, ऑक्सिजन, अॅडमिट, सगळं झालं. वाचली ती, पण पुन्हा पहिल्यासारखी खिडकीत उडी मारायला तिला कितीतरी आठवडे लागले.

त्यामुळे माझी सवय ठरलेली आहे. पाहुणे यायच्या आधी मांजरीचं पोट भरलेलं पाहिजे, आणि पाहुणे जेवत असतील तेव्हा ती दार लावलेल्या खोलीत. "आम्ही लक्ष ठेवू" यावर माझा अजिबात विश्वास नाही, वीस माणसांच्या पंगतीत कोणी लक्ष ठेवत नसतं. खास काही द्यायचंच असेल तर बिनमिठाचं, बिनहळदीचं, नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन, हाड काढून, बारीक तोडून, चार-पाच तुकडे. किंवा तिचं रोजचं वेट फूड कोमट करून. म्हाताऱ्या मांजरीचा वास घ्यायचा जोर कमी झालेला असतो, कोमट केलं की वास सुटतो आणि ती खाते. किडनीचा त्रास निघालेला असेल तर चिकनसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. ते रेडिमेड केक, रंगीत क्रीम वगैरे भानगडीत पडूच नका. आणि वाटीभर दूध पण नको. मांजर म्हंजे दूध हे आपल्या डोक्यात बसलंय, पण मोठ्या मांजरींना बहुतेक वेळा ते पचत नाही, जुलाब लागतात, आणि म्हाताऱ्या मांजरीच्या अंगातलं पाणी जाणं तिला परवडत नाही.

दुसरी चूक, जिचा मला फार राग येतो, ती म्हंजे "तिला सोबत म्हणून" त्या दिवशी नवीन पिल्लू आणणं. अरे पण सोबत मागितली कोणी? बारा वर्षांच्या पुढच्या बहुतेक मांजरींच्या एक्सरेत सांध्यांची झीज दिसते. ती लंगडत नाही, ओरडत नाही, फक्त उंच उड्या मारायचं बंद करते आणि आपण म्हणतो शांत झाली. अशा मांजरीच्या अंगावर दिवसभर एक पिल्लू झेप घेणार, तिची शेपटी चावणार, तिच्या ट्रेमधे बसणार. मग ती पलंगाखाली जाते आणि खाणं सोडते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की तिच्या लिव्हरवर चरबी चढायला लागते आणि त्यातून जीवावर बेतू शकतं. पिल्लू आणायचंच असेल तर वेगळ्या खोलीत ठेवा, एकमेकांची अंथरायची फडकी हुंगू द्या, काही आठवडे जाऊ द्या. पण हे सांगितलं की लोकांना धीर नसतो, त्यांना त्याच संध्याकाळी दोघांचा एकत्र फोटो पाहिजे असतो.

फोटोवरनं आठवलं, टोपी, गळ्यात रिबन, फुग्याची दोरी, हे सगळं लांब ठेवा. मांजरीच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, दोरा एकदा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो आणि आतडी गोळा करतो. बुकेमधे लिलीची फुलं असतील तर बुके दाराबाहेरच. लिलीचे परागकण, पानं, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीची किडनी निकामी करतं. पाहुणे येणार म्हणून काळ्या फिनाईलनं फरशी पुसणं बंद, ती त्यावरून चालते आणि मग पंजे चाटते. आंघोळ घालू नका. मांडीवर बसतच नाही अशी तक्रार करत तिला ओढून पाहुण्यांच्या हातात देऊ नका, एक वर्ष म्हंजे तिच्यासाठी फार नाही, काही मांजरी दोन वर्षांनी येतात मांडीवर.

तारीख उन्हाळ्यात येत असेल तर अजून एक. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, मांजरीला हात लावला की गरम लागते, आणि कोणीतरी म्हणतं ताप आहे, अर्धी पॅरासिटामॉल दे. मांजरीचं अंग मुळातच 38 ते 39 डिग्री सेल्सिअस असतं, आपल्या हाताला ते गरमच लागणार. आणि अर्धी पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेऊ शकते, तिच्या लिव्हरला ते औषध झेपतच नाही. माणसाची कुठलीही गोळी नाही म्हंजे नाही.

मला विचाराल तर त्या तारखेला एकच गोष्ट नेमानं करा, तिची तपासणी. दहाच्या पुढच्या मांजरीची दर सहा महिन्यांनी व्हायला पाहिजे, म्हणून ही तारीख आणि तिच्यापुढे सहा महिन्यांची अशा दोन ठरवून टाकायच्या. रक्तात क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि थायरॉइड, सोबत लघवी, दात, जमलं तर ब्लड प्रेशर. किडनीचा बराच भाग गेल्यावरच क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, म्हणून "चांगली खाते-पिते, कशाला न्यायची" हे बोलणं सोडा. तालुक्याच्या गावातले बरेच डॉक्टर गुरांचे असतात, त्यामुळे जळगाव-धुळे गाठावं लागतं, तर ते सकाळी ऊन चढायच्या आत. आणि गाडीवर पिशवीत कोंबून नेऊ नका प्लीज. कॅरियर, म्हंजे मांजर न्यायची दाराची पेटी, आठवडाभर आधी उघडा ठेवायचा, आत तिची जुनी गोधडी, ती आपणहून आत जाऊन झोपायला लागली की निम्मं काम झालं.

वजन मात्र महिन्याला घ्या. बाथरूमच्या काट्यावर कळत नाही, मी ओळखीच्या किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर कॅरियरसकट ठेवते, रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. चार किलोच्या मांजरीचं तीनशे ग्रॅम उतरलं तर डोळ्यांना काही दिसत नाही, केसांत लपतं ते. तेवढं उतरलेलं दिसलं की पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.