भाला, हर्डल्स आणि उंच उडी: तिन्ही एकाच मुलीकडून कशी करून घ्याल

अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सनने १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर हर्डल्सचं सुवर्ण मिळवलं, उंच उडीत रौप्य. पुढे गोल्फही गाजवलं. हेच तीन प्रकार मराठवाड्यातल्या साध्या शाळेच्या मैदानावर शिकवता येतात.

आधी मैदान. काळ्या मातीवर धावपट्टी नको. पावसात ती बुटाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घोटा मुरगळतो. भाल्यासाठी ४ मीटर रुंद, ३० मीटर लांब पट्ट्यावर मुरूम टाका, पाणी मारून रोलर फिरवा. भाल्याची हद्द आखायला कोनमापक लागत नाही. फेकरेषेच्या चापाच्या (धावपट्टीच्या टोकाची वक्र रेषा) मागे ८ मीटरवर केंद्राची खुंटी ठोका. तिथून २० मीटरवर दोन खुंट्या, एकमेकींपासून बरोबर १० मीटर अंतरावर. दोरी ताणून फक्की मारा.

१८ वर्षांखालच्या मुलीला ५०० ग्रॅमचा भाला द्या. सुरुवातीला उभ्यानेच फेकू द्या. कोपर खांद्याखाली गेलं की आतल्या बाजूने दुखायला लागतं. टोक आभाळाकडे राहिलं तर शेपूट आधी टेकतं आणि फेक बाद होते.

हर्डल्समध्ये खरी मेहनत आहे. १८ वर्षांखालच्या मुलींच्या गटात अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर, पहिला अडथळा १३ मीटरवर, पुढचे ८.५० मीटरवर. नवख्या मुलीला हे अंतर तीन पावलांत झेपत नाही, मग ती थांबून उडी मारते. म्हणून ७ मीटर आणि गुडघ्याएवढ्या उंचीपासून सुरू करा. बांबू बांधू नका; पाय लागताच पुढे पडेल असा नुसता टेकवा. धाराशिवने खो-खोत सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कारविजेती दिली. तिकडच्या खो-खोच्या पोरींकडे वेग तयारच असतो, पण वाकून पळायची सवय असते. कंबर वर ठेवून पळणं आधी घोटून घ्या.

उंच उडी वाळूच्या खड्ड्यात असेल तर फक्त कैची, म्हणजे एकेक पाय दांडीवरून टाकून पायांवरच उतरायचं. बेबची निर्णायक उडी डोकं आधी गेलं म्हणून पंचांनी बाद ठरवली होती. तो नियम आता नाही, पण जाड मॅटशिवाय पाठीवर पडणं म्हणजे मानेशी खेळ. तिथे अजिबात सूट देऊ नका.

हर्डल्स आणि उडी ताज्या पायांनी, एका दिवशी. भाला दुसऱ्या दिवशी. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत आटपा.

स्पर्धेत भाला चालू असताना हर्डल्सचा पुकारा झाला, तर मुलीने आधी भाल्याच्या पंचांना सांगायचं. ते त्या फेरीत तिचा क्रम बदलून देऊ शकतात. न सांगता गेली आणि वेळ संपली, तर ती फेक सोडल्याचं धरतात.